जीप तीच, दात वेगळे

बेळगाव-खानापूर भागात अजूनही पुष्कळ घरांच्या मागे, गोठ्याच्या शेजारी किंवा काजूच्या बागेच्या कडेला एक जुनी जीप उभी असते. कागदावर आजोबांचं नाव, वर ताडपत्री, आणि बॉनेटखाली मूळ गाडीत कधीच नव्हतं असं डिझेल इंजिन. आमचीही तशीच. महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी, मुळात पेट्रोलवर चालणारी. डिझेल बरंच स्वस्त होतं त्या काळात अप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिच्यात बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसवून घेतलं. आरसी बुकात त्याची नोंदही करून घेतली. ही नोंद तुमच्या घरच्या जीपची आहे का, ते आजच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे इंजिन बदलणं ही फक्त मिस्त्री आणि मालक यांच्यातली गोष्ट राहत नाही, आणि पासिंगच्या वेळी हे हमखास समोर येतं.

तर ही जीप चिखलात, चढावर, उसाच्या फडात कुठेही जायची. फक्त डांबरी रस्त्यावर तिची दया यायची. काटा ५५ वर गेला की इंजिन किंचाळायला लागायचं आणि गाडीतलं बोलणं बंद व्हायचं. पुण्यात नोकरी करणारा माझा चुलतभाऊ दर सुट्टीत म्हणायचा, "हिला चोर्ल्यातनं गोव्याला न्यायची तर कानात कापूस घालून न्यायला पाहिजे." शेवटी एका दिवाळीत आम्ही दोघांनी ठरवलं, गिअरिंग बदलून घ्यायचं.

गिअरिंग म्हणजे इथे गिअरबॉक्स नव्हे. मागच्या धुऱ्याच्या मधोमध जो गोळा दिसतो त्यात दोन दातेरी चाकं असतात. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन, आणि चाकांना फिरवणारं मोठं क्राउन. आमच्या जीपमध्ये क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. भागाकार ५.३८. म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. पुढच्या धुऱ्यातही हीच जोडी.

एवढा मोठा आकडा का? सीजे-३बी अमेरिकेत १९५३ साली आली ती शेतकऱ्यासाठी. नांगर ओढणं, लाकडं ओढणं, चढावर ओझं नेणं ही तिची कामं. तिचं पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत जायचं, त्यामुळे ५.३८ असूनही रस्त्यावर ८०-८५ चा वेग निघायचा. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन मात्र तेवढं पळतच नाही. आमचं २४०० फेऱ्यांना खुशीत असतं, त्यापुढे नुसता आवाज. आता हिशोब करा. ६.००-१६ चा टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो. सर्वात वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. २४०० ला ५.३८ ने भागलं, २.२ ने गुणलं, तासाचं केलं, की येतात ५९ किलोमीटर. किंचाळण्याचं कारण एवढंच होतं. इंजिन बदललं, पण दात पेट्रोलचेच राहिले.

तुमच्या जीपमध्ये कोणती जोडी आहे हे गोळा न उघडताही कळतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल करा. ह्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो, म्हणून तो सोडावाच लागतो. दगड विसरू नका ते त्यासाठीच. शाफ्टवर खडूची खूण करून एकाने दोन्ही चाकं बरोबर एक फेरी फिरवायची, दुसऱ्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. सव्वापाचच्या थोड्या वर भरल्या तर ५.३८, पाचच्या किंचित आत थांबल्या तर ४.८८, सव्वाचार भरल्या तर ४.२७.

आम्हाला ४.२७ हवं होतं. ४७ आणि ११ दातांची जोडी. त्याच २४०० फेऱ्यांना ७४ किलोमीटर! कागदावर आकडा बघून चुलतभाऊ खूश झाला. भंगारातून एक चांगली जोडी मिळाली, पण ती मागच्या धुऱ्याची. पुढची मिळेना. गावाकडच्या एका गॅरेजमध्ये मागची बसवून घेतली आणि ठरवलं, पुढची मिळेपर्यंत फोर बाय फोर वापरायचं नाही. काकांना तसं सांगितलं. काका शेती बघतात, जीप खरी तेच चालवतात. त्यांनी मान हलवली आणि काही बोलले नाहीत.

घोटाळा काकांनी केला नाही, आमच्यातल्याच एकाने केला. जूनचा पहिला मोठा पाऊस, फडाच्या वाटेवर जीप रुतली, आणि चुलतभावाचा हात सवयीने लिव्हरवर गेला. चिखलात काही जाणवलं नाही, कारण चाकं सरकत होती. फाटकातून डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र गाडी कोणी मागून धरून ठेवल्यासारखी अडायला लागली. लिव्हर काढायला गेला तर ती निघेना. वीस-पंचवीस पावलांवर खाडकन आवाज झाला आणि पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला.

काय झालं ते समजायला सोपं आहे. फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. शाफ्टच्या दर दहा फेऱ्यांना आमची मागची चाकं पाच मीटर जाऊ पाहत होती आणि पुढची चारच मीटर. चिखल हा फरक गिळतो. डांबर गिळत नाही. मग तो ताण दात, क्रॉस, शाफ्ट यांपैकी जे कमजोर असेल ते तोडून बाहेर पडतो. क्रॉस तुटला हे आमचं नशीब, ट्रान्सफर केस फुटली असती तर जीप वर्षभर उभी राहिली असती. असं कधी अडकलंच तर जोर लावू नये. थोडं मागे घ्यावं, नाहीतर एक चाक जॅकने उचलावं, ताण सुटला की लिव्हर आपोआप मोकळी होते.

त्या संध्याकाळी काका पहिल्यांदा बोलले. त्यांची तक्रार क्रॉसची नव्हतीच. आमच्या शेताकडे जाताना नाल्याचा एक उभा उतार आहे. ह्या जीपमध्ये लो गिअर टाकायचा तर आधी पुढचा धुरा जोडावा लागतो. तशी ती लिव्हरच बनवलेली असते. पुढचा धुरा वापरायचा नाही म्हटल्यावर लोही गेला. म्हणजे सहा-सात महिने काका तो उतार हायमध्ये, ब्रेकवर उतरत होते किंवा ओझं ट्रॅक्टरने नेत होते, आणि आम्हाला ते कळलंही नव्हतं. अप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "गोव्याला वर्षातनं दोनदा जाती ही. नाल्यात रोज उतरती."

मग आम्ही पुन्हा कागद घेतला, पण ह्या वेळी नाल्याचा हिशोब मांडला. लो मध्ये पहिला गिअर घातला की गिअरबॉक्सचे २.८, ट्रान्सफर केसचे २.४६ आणि धुऱ्याचे ५.३८ यांचा गुणाकार होतो ३७. इंजिन ७०० फेऱ्यांवर नुसतं टिकटिक करत असताना जीप ताशी अडीच किलोमीटरने उतरते, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. ब्रेकला पाय लावावा लागत नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. आता ही गोष्ट ब्रेकच्या नजरेतून बघा. जीपला नऊ इंची ड्रम ब्रेक, सगळ्या चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, आणि नाला ओलांडताना ड्रममध्ये पाणी. तिथे इंजिनाची पकड हाच खरा ब्रेक. दोन्ही धुऱ्यांना ४.२७ बसवलं असतं तर ३७ चे २९ झाले असते. म्हणजे उतरताना पाचवा हिस्सा पकड कमी. शाफ्टवरच्या त्या हँडब्रेकचा जोरही चाकापर्यंत दातांच्याच पटीत पोचतो, म्हणून तोही तेवढाच ढिला. ही दुसरी गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती.

शिवाय चढ. तीन गिअरच्या ह्या गिअरबॉक्समध्ये दुसरा १.५५ आणि तिसरा १, मध्ये काहीच नाही. मागे ४.२७ असताना आम्ही कणकुंबीपर्यंत एकदा गेलो होतो. चढ आला की तिसऱ्यात दम निघत नव्हता आणि दुसऱ्यात टाकली की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. सपाट रस्त्यावर कमावलेलं सगळं तिथे परत द्यावं लागलं.

पर्याय आणखीही असतात. ७.००-१६ चे मोठे टायर घातले तर दात न बदलता ७-८ टक्के फरक पडतो, पण स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकवर भार वाढतो. पुढच्या काळातल्या डिझेल जीपचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवणारेही खूप आहेत. पहिला गिअर खोल, पाचवा एकच्या खाली, असं दोन्हीकडचं सुख मिळतं. पण शाफ्टची लांबी बदलावी लागते, बैठक नव्याने करावी लागते, आणि आमच्या मते अप्पांची जीप तेवढी फाडायची नव्हती.

आम्ही ४.८८ वर आलो. ३९ आणि ८ दात. २४०० ला ६५ किलोमीटर, आणि उतारावर ३७ ऐवजी ३३.५. चुलतभावाचं तोंड थोडं उतरलं. पण काकांनी कागद हातात घेऊन तो शेवटचा आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "एवढं चालंल की."

ह्या वेळी पुढची आणि मागची अशा दोन्ही जोड्या हातात आल्याशिवाय गोळा उघडायचा नाही, असं ठरलं. काम बेळगावात उद्यमबागच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रींकडे दिलं. त्यांनी आम्ही आणलेली पहिली जोडी बघताच परत केली. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. आमच्या जोडीवर नंबर वेगळे होते. "नवराबायकोची अदलाबदल करून संसार होत नाही," ते म्हणाले आणि चहा मागवला. दुसरी जोडी मिळायला सहा आठवडे लागले.

बसवण्याचं काम मी दोन दिवस शेजारी उभा राहून बघितलं, आणि ते बघण्यासारखं असतं. पिनियन किती आत बसावं ते पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, म्हणजे शिमनी ठरतं. एक चकती घालायची, सगळं बसवायचं, तपासायचं, सगळं काढायचं, दुसरी घालायची. दातांमधली मोकळीक डायल लावून मोजतात, ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाएवढी. मग मिस्त्रींनी एका वाटीत तेलात शेंदूर कालवला. मारुतीला लावतात तोच रंग. क्राउनच्या चार-पाच दातांना तो लावला आणि शाफ्ट हाताने फिरवला. दात जिथे जिथे भिडले तिथला शेंदूर पुसला जाऊन आतला धातू दिसू लागला. हा ठसा दाताच्या मधोमध यायला पाहिजे. दाताच्या शेंड्याला आला तर पिनियन बाहेर राहिलंय, मुळाशी आला तर फार आत गेलंय. आमचा पहिला ठसा शेंड्याला आला. दुसरा पण. मिस्त्रींनी संध्याकाळी सातला पाचव्यांदा सगळं जोडलं तेव्हा ठसा मधोमध आला, अंड्याच्या आकाराचा. शेंदरात शिसं असतं, म्हणून त्यांनी हात साबणाने धुतल्याशिवाय आम्हाला चहाच्या कपाला हात लावू दिला नाही.

नव्याने जुळवलेले दात लगेच ताबडायचे नसतात. पहिल्यांदा पंधरा-वीस किलोमीटर रिकामी गाडी सावकाश चालवून थांबायचं, गोळा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा, मग पुढे. असं तीन-चारदा. पहिल्या ८०० किलोमीटरनंतर नव्वद नंबरचं तेल बदललं, तर जुन्या तेलात चांदीसारखी बारीक चमक होती. तेवढी असायचीच. कण बोटाला टोचले असते तर काळजी होती.

वेग वाढवायच्या आधी ब्रेकचे चारही लायनर, सिलिंडरची रबरं आणि होज पाइप बदलून घेतले. क्रम असाच ठेवा. ६५ ने पळणारी जीप थांबवायला नऊ इंचांचे तेच ड्रम आहेत.

एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, तिला मागचे दात बदलल्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे काटा आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघितलं तर हिशोबाप्रमाणेच निघालं. काकांनी काट्याच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहून ठेवलंय: ५९ म्हणजे ६५. चोर्ल्याला जाताना चुलतभाऊ ती पट्टी वाचतो. नाल्याकडे जाताना कोणी वाचत नाही, तिथे काटा हलतही नाही.