पक्षिनिरीक्षण सहली

नैसर्गिक अधिवासातील मुक्त पक्षी पाहण्यासाठी, त्या प्रदेशाची व तेथील पक्ष्यांची माहिती असलेल्या वाटाड्याच्या सोबतीने काढलेल्या सहलींना ‘पक्षिनिरीक्षण सहली’ म्हणतात. शिकारीत पक्षी मारला जातो व प्राणिसंग्रहालयात तो बंदिस्त असतो. येथे मात्र पक्षी मोकळा असतो आणि त्याच्या दिनक्रमाशी निरीक्षकाला जुळवून घ्यावे लागते. वाळवंट आणि पाणथळ प्रदेश हे अशा सहलींचे दोन प्रमुख अधिवास होत. वरकरणी ते परस्परविरोधी वाटले, तरी दोहोंतील पक्ष्यांचे वास्तव्य अखेरीस पाण्याची उपलब्धता व मोकळी जागा यांवरच ठरते. राजस्थानात पूर्वेस भरतपूरची पाणथळ व पश्चिमेस थरचे वाळवंट, असे हे दोन्ही अधिवास एकाच राज्यात आढळतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांच्याच आधारे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी : भारतात पक्ष्यांच्या शास्त्रीय निरीक्षणाला मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’मुळे संघटित रूप आले. या संस्थेशी आयुष्यभर निगडित असलेले पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांचा द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स हा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रानात पक्षी ओळखण्याचे सुलभ साधन सामान्य वाचकाच्या हाती आले. तत्पूर्वी दुर्बिणीपेक्षा बंदुकीनेच पक्षी अधिक पाहिले जात. भरतपूर संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र याचे ठळक उदाहरण होय. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. हा शिलालेख आजच्या सहलींतही आवर्जून दाखविला जातो.

पाणथळ : केवलादेव राष्ट्रीय उद्यान (स्थानिक नाव ‘घना’) सु. २९ चौ. किमी. क्षेत्राचे असून त्याचा सु. एक-तृतीयांश भाग उथळ पाण्याखाली येतो. मूळच्या नैसर्गिक खोलगट भूभागात मातीचे बांध व दारे बांधून, अजान बंधाऱ्यातील पाणी कप्प्याकप्प्याने खेळविण्याची योजना संस्थानी काळात झाली. यावरून ही पाणथळ निसर्गनिर्मित तितकीच मानवनिर्मितही आहे, हे लक्षात येते. भारतातील पाणथळींपैकी रामसर यादीत सर्वप्रथम, १९८१ मध्ये, समाविष्ट झालेल्या दोन स्थळांपैकी हे एक असून दुसरे ओडिशातील चिल्का सरोवर होय. १९८५ मध्ये केवलादेवचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. येथे साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

येथील सहलीचे दोन हंगाम असतात. पावसाळ्यात पाणी भरताच बाभळींवर चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, पाणकावळे, बगळे, चमचे, तिरंदाज इ. पक्ष्यांच्या वसाहती उभ्या राहतात. हिवाळ्यात, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, मध्य व उत्तर आशियातून आलेली तलवार बदके, थापट्या बदके, हंस, शिकारी पक्षी व क्रौंच यांची गर्दी होते. बांधांवरून जाणाऱ्या सरळ वाटांमुळे दोन्ही बाजूंचे पक्षी जवळून पाहता येतात. उद्यानाच्या अंतर्भागात पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव असून, सायकलरिक्षा चालविणाऱ्या स्थानिकांना पक्ष्यांची ओळख शिकवून वाटाडे म्हणून मान्यता देण्याचा उपक्रम येथे यशस्वी झाला. रोज नजरेस पडणाऱ्या, आवाज न करणाऱ्या रिक्षेला पक्षी सरावलेले असतात. त्यामुळे ती जणू चालते-फिरते लपणच ठरते.

केवलादेवच्या इतिहासाने दोन गोष्टी शिकविल्या. राष्ट्रीय उद्यानाच्या घोषणेनंतर १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. तीविरुद्ध ग्रामस्थांनी केलेल्या निदर्शनांच्या वेळी पोलिसांचा गोळीबार होऊन प्राणहानी झाली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घकालीन अभ्यासात असे दिसून आले, की चराई थांबल्याने पाणगवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांना लागणारी उघडी जलपृष्ठे आक्रसली. दुसरी गोष्ट पाण्याची. गंभीर नदीवर वरच्या बाजूस करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यावर उद्यानाकडे येणारा प्रवाह अनिश्चित झाला आणि कोरड्या वर्षांत पक्ष्यांच्या वसाहतीच होऊ शकल्या नाहीत. नंतर गोवर्धन निचरा कालव्यातून व नळयोजनेतून पाणी आणण्याची सोय करावी लागली. उद्यानाची कीर्ती वाढविणारा सायबेरियन क्रौंच मात्र परतला नाही. १९६० च्या दशकात येथे सु. दोनशेच्या संख्येने येणारा हा पक्षी २००२ नंतर भारतात हिवाळ्यासाठी आलेला नाही. प्रवासमार्गावरील, मुख्यतः अफगाणिस्तान व पाकिस्तानातील, शिकार हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. ज्या पक्ष्यासाठी लोक दूरदेशांहून येत, तो डोळ्यांदेखत नाहीसा झाला. केवळ मुक्कामाची जागा राखल्याने स्थलांतरी पक्षी वाचत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

वाळवंट : जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान सु. ३,१६२ चौ. किमी. क्षेत्राचे आहे. येथे वाळूच्या टेकड्यांपेक्षा सेवण गवताची कुरणे, खडकाळ माळ आणि विरळ खेजडी व केर यांचेच क्षेत्र पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. चंडोल, धाविक, पखुर्ड्या, गप्पीदास, गिधाडे, गरुड व हिवाळी पाहुणा तिलोर हे येथील लक्षणीय पक्षी होत. उघड्या मैदानात माणसाची उभी आकृती दूरवरून दिसते. त्यामुळे निरीक्षण बहुधा वाहनात बसूनच करतात. वाहनाला न बुजणारा पक्षी खाली उतरलेल्या माणसाला पाहताच उडून जातो. पखुर्ड्यांसाठी मात्र भटकण्यापेक्षा सकाळी पाणवठ्यापाशी स्थिर बसणे श्रेयस्कर ठरते. कोरडे बी खाणारे हे पक्षी ठराविक वेळी थव्यांनी पाणी पिण्यास येतात.

वाळवंटातील सहलींचे मुख्य आकर्षण माळढोक (स्थानिक नाव ‘गोडावण’) होय. १९८० मध्ये जयपूर येथे या कुलातील पक्ष्यांविषयी आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला आणि पुढील वर्षी राजस्थानने माळढोकाला राज्यपक्ष्याचा दर्जा दिला. तथापि त्याची घट थांबली नाही. २०११ पासून तो अतिसंकटग्रस्त गणला जातो व निसर्गात राहिलेल्या माळढोकांची संख्या दीडशेहून कमी असल्याचे मानले जाते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ती दचकून उठली, की कुत्री, कोल्हे व कावळे यांना ते सहज सापडते. नराचे वजन १५ किग्रॅ.पर्यंत भरते, जड शरीर आणि समोरचे अपुरे दिसणारे, बाजूंना वळलेले डोळे यांमुळे उडताना तो विजेच्या तारा वेळीच चुकवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये त्यात फेरबदल करून प्रश्न तज्ज्ञसमितीकडे सोपविला. वाळवंटातील सौर व पवन ऊर्जाप्रकल्पांची गरज आणि एका जातीचे अस्तित्व यांतील हा पेच आहे. सम येथे २०१९ पासून, रानातून आणलेली अंडी कृत्रिम रीत्या उबवून पैदास करण्याचे कार्य चालू आहे.

वाळवंटातील पाणी : फलोदीजवळील खीचन गावी कांड्या करकोचे (स्थानिक नाव ‘कुरजां’) सप्टेंबरच्या सुमारास येऊन मार्चपर्यंत राहतात. त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी ‘चुग्गाघर’ नावाचे कुंपण घातलेले आवार राखले असून तेथे रोज धान्य टाकले जाते. सकाळी दाणे टिपून हजारो पक्षी जवळच्या तळ्यांकडे जातात. येथे निरीक्षकाने गल्लीत वा गच्चीवर शांत बसणे एवढेच अपेक्षित असते. जून २०२५ मध्ये खीचनचा रामसर यादीत समावेश झाला. पाणथळ व वाळवंट हे वेगळे कप्पे नसून पक्षी त्यांना एकाच प्रवासात जोडतो, हे खीचनला प्रत्यक्ष दिसते.

वाटाड्या : पक्ष्यांची नावे पुस्तकातून शिकता येतात, परंतु कोणत्या झाडावर घुबड दिवसा विसावते, कोणत्या तळ्यात यंदा पाणी टिकले, वाऱ्याच्या दिवशी भोवत्या कोठे घिरट्या घालतो, हे ज्ञान तेथे राहणाऱ्यालाच असते. गुराखी, शेतकरी व रिक्षावाले यांचे हे ज्ञान सहलींमुळे उपजीविकेचे साधन बनले. माळ वा तळे राखण्यात गावाचा हितसंबंध निर्माण होणे, हा या सहलींचा मोठा लाभ होय. मात्र येथेच धोकाही संभवतो. दुर्मिळ पक्षी दाखविल्यास अधिक बक्षीस मिळत असेल, तर वाटाड्या पक्ष्याच्या फार जवळ जाण्यास प्रवृत्त होतो. ‘आज पक्षी दिसला नाही’ हे ऐकण्याची तयारी पाहुण्याने ठेवली, तरच वाटाड्या प्रामाणिक राहू शकतो.

साधने व आचार : आठ ते दहा पट विशालन करणारी द्विनेत्री दुर्बीण, ओळखपुस्तिका, टिपणवही, मातकट रंगाचे कपडे व पाणी एवढे साहित्य पुरते, विस्तीर्ण तळ्यांसाठी तिपाईवरील एकनेत्री दुर्बीण उपयुक्त ठरते. सूर्य पाठीशी ठेवून पाहिल्यास रंग नीट दिसतात. पक्षी चरणे थांबवून मान उंचावू लागला, तर अंतर कमी करू नये. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलाविणे, घरट्याजवळ थांबणे, वाहनाने पाठलाग करणे व दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची जागा जाहीर करणे या गोष्टी निषिद्ध समजतात. तारीख, वेळ, स्थळ, जाती व संख्या यांची टिपणे विज्ञानालाही उपयोगी पडतात. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षिगणना अशा हौशी निरीक्षकांच्या बळावरच चालते.

महाराष्ट्राशी संबंध : माळढोक हा दख्खनच्या माळरानांचाही पक्षी होय. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसर समाविष्ट असलेले माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. तेथे आता काळवीट, लांडगा, धाविक व चंडोल पाहावयास मिळतात. माळढोकाचे दर्शन मात्र अत्यंत दुर्मिळ झाले आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर ही पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ भरतपूरप्रमाणेच मानवाच्या जलव्यवस्थेवर अवलंबून आहे.

मूल्यमापन : या सहलींनी शिकारक्षेत्राला अभ्यासक्षेत्राचे रूप दिले, स्थानिकांना रोजगार दिला आणि पक्ष्यांच्या संख्येच्या नोंदी जमविल्या. तथापि पाणथळीला पाणी व माळाला मोकळे आकाश मिळवून देणे हे केवळ सहलींच्या आवाक्यातील नाही. ते धरणाचे पाणी कसे वाटले जाते, कुरणे पडीक जमीन म्हणून गणली जातात की काय आणि तारा कोठून नेल्या जातात, या निर्णयांवर ठरते. पक्षी कोठे होते व कधी दिसेनासे झाले याची विश्वसनीय साक्ष त्या निर्णयकर्त्यांपुढे ठेवणे, हे या सहलींचे खरे कार्य होय.