महागड्या रायफलीची समजूत

दहा मीटर एअर रायफलची रेंज वरळीची असो, बालेवाडीची असो अथवा कोल्हापूरची, तेथे जमणाऱ्या पालकवर्गात एक समजूत इतकी दृढ झालेली आढळते की तिचे निरसन केल्यावाचून पुढील खरेदीचा विचार सरळ होऊच शकत नाही. मुलाचे गुण एका मर्यादेपाशी अडले म्हणजे तो दोष हातातल्या रायफलीचा, आणि कर्ज काढून, दागिने तारण ठेवून किंवा भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून अडीच-तीन लाखांची नवी जर्मन रायफल आणली की अडलेले गुण मोकळे होतील, अशी ती समजूत. मध्यम मिळकतीच्या कुटुंबाची सारी शिल्लक या एका खरेदीत खर्ची पडते. मग छर्ऱ्यांना, जॅकेटला आणि रेंजच्या वर्गणीला पैसा उरत नाही, आणि नव्याकोऱ्या रायफलीवर सराव मात्र पूर्वीपेक्षा कमी होतो. हे मी इतक्या घरांतून पाहिले आहे की या बाबतीत सौम्य शब्द वापरणे आता मला जमत नाही.

प्रथम लक्ष्याचे माप पाहू. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमपुस्तकानुसार या प्रकारातील संपूर्ण लक्ष्याचा व्यास ४५.५ मिलिमीटर, मधला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर आणि प्रत्येक गुणाचे वलय अडीच मिलिमीटर रुंद. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असल्यामुळे त्याची कड ठिपक्याला नुसती स्पर्शली तरी १०.० पदरात पडतात, आणि तेथून १०.९ पर्यंतचा प्रत्येक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. आता रायफलीवरील पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर पाऊण मीटर धरले आणि डोळा लावताना पुढची साइट मागच्या साइटच्या मध्यापासून कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, ढळली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे १.३ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे पाच दशांश गुण हातचे गेले. साठ फैरींच्या सामन्यात असे निसटणारे गुण कोणत्याही कारखान्याच्या नळीने भरून निघत नाहीत, कारण ते नळीत हरवलेलेच नसतात.

नळी दोषी आहे की नाही हे ठरवण्याचा मार्ग सोपा असून त्यासाठी कोणाच्या मताची गरज पडत नाही. रायफल शिकंज्यात घट्ट आवळावी, मुलगा रोज जे छर्रे वापरतो त्याच डब्यातले दहा छर्रे एकाच लक्ष्यावर सोडावेत आणि पडलेले छिद्र मोजावे. दहाही छर्रे जर छर्ऱ्याच्या व्यासाहून थोड्याच मोठ्या एका भोकातून गेले, तर रायफल आपले काम चोख करीत आहे आणि नवी रायफल हे काम याहून फारसे चांगले करणार नाही. नामांकित कारखाने सामन्याच्या रायफलीबरोबर अशाच चाचणीचे छिद्र पडलेला कागद पेटीत घालून देतात. जुनी रायफल विकत घेताना तो कागद मागून घ्यावा आणि नव्या चाचणीशी ताडून पाहावा. शिशाचा मऊ छर्रा आणि त्याचा मंद वेग यांमुळे एअर रायफलीची नळी झिजते फार थोडी. नीट राखलेली वीस वर्षांपूर्वीची रायफलही या परीक्षेला उतरते. भोक पसरलेले दिसले तरी आधी छर्रे बदलून पाहावेत. छर्ऱ्याच्या डोक्याचे माप ४.४८ पासून ४.५१ मिलिमीटरपर्यंत निरनिराळे मिळते आणि प्रत्येक नळीला त्यांतले एखादेच रुचते. इतकी तपासणी न करता धनादेश लिहिणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांचे मला मनापासून दुःख होते.

गुण अडतात ते बहुधा स्टॉकपाशी, म्हणजे रायफलीच्या खांद्याला आणि गालाला लागणाऱ्या भागापाशी. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी मोठ्या किमतीची नवी रायफल घेऊन उभी होती आणि तिचे छर्रे उभ्या रेषेत वरखाली पसरत होते. रायफलीचे चीक पीस, म्हणजे गाल टेकवायचा तुकडा, पेटीतून निघाले तसेच, तिच्या चेहऱ्यासाठी बरेच खाली बसवलेले होते. त्यामुळे गाल टेकला की डोळा साइटच्या खाली जाई, म्हणून ती प्रत्येक फैरीला मान किंचित उचलून धरी, आणि ती उचल दर वेळी निराळी होई. तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला, गाल सैल टेकवायला आणि मग डोळे उघडायला सांगितले. दिसले ते मागच्या साइटच्या छिद्राचे फक्त वरचे अर्ध. ॲलन चावीने चीक पीस थोडे थोडे वर घेत, खांद्याला टेकणारी बट प्लेट खाली सरकवीत, डोळे उघडताक्षणी पुढचे वर्तुळ मागच्या वर्तुळात मधोमध बसेपर्यंत हा खटाटोप चालला, आणि त्याच दुपारी उभी रेषा आवळून गोळा झाली. तिच्या वडिलांनी खर्च केलेल्या रकमेचा या सुधारणेशी काडीमात्र संबंध नव्हता. चीक पीस व बट प्लेट सरकवण्याची सोय मध्यम किमतीच्या रायफलीतही असते.

ज्यांना उदाहरणावाचून पटत नाही, त्यांनी नेमबाज अभिनव बिंद्राने आपल्या आत्मचरित्रात लिहिलेली हकीकत वाचावी. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपूर्वीच्या सरावात त्याची पहिली फैर चारच्या वलयात गेली, कारण साइट आपल्या जागेवरून हललेली होती. नळी तीच, छर्रे तेच, माणूसही तोच. उरलेल्या थोड्या वेळात त्याने साइट पूर्ववत केली आणि शेवटची फैर १०.८ ची मारून ७००.५ गुणांनी सुवर्णपदक घेतले. जगातील उत्तम रायफल हाती असतानाही छर्रा चारात जाऊ शकतो.

मग पैसा खर्च करूच नये काय? करावा, पण दोन ठिकाणी तो खरोखर फळतो हे ओळखून करावा. पहिले ठिकाण म्हणजे स्प्रिंगच्या साध्या एअर गनवरून दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीकडे जाणे. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढल्यावर जड दट्ट्या पुढे धावतो, बंदूक मागे सरकते, मग दट्ट्या आदळून ती पुढे हिसकते, आणि या धक्क्यांच्या वेळी छर्रा अजून नळीतच असतो. सिलिंडरच्या रायफलीत हा धक्का नाममात्र उरतो. दुसरे ठिकाण म्हणजे ट्रिगर: किलो-दीड किलो जोर मागणारा चाप आणि काही ग्रॅमवर सुटणारा दोन टप्प्यांचा चाप यांत जे अंतर आहे ते बोटाला पहिल्याच दिवशी कळते. हे दोन्ही गुण हॅमरलीच्या एआर २० सारख्या प्राथमिक सामना-रायफलीत अथवा फाइनवेर्कबाउच्या पी ७० सारख्या जुन्या, पण सुस्थितीतल्या रायफलीत मिळतात, आणि आघाडीच्या नव्या रायफलीच्या किमतीचा मोठा हिस्सा वाचतो. त्यापुढे जे वाढत जाते ते ॲल्युमिनियमचा स्टॉक, कंप शोषणारी यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आणि बारीक जुळणीच्या सोयी. राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावरील नेमबाजाला त्यांचे मोल आहे, जिल्हा पातळीवर धडपडणाऱ्याला नाही. वाचलेल्या पैशाला वाट आहेच. रोज ऐंशी फैरी आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर वीस हजार छर्रे, म्हणजे पाचशेचे चाळीस डबे लागतात. मापाचे जॅकेट, विजार आणि बूट यांची तजवीजही रायफलीच्या आधी व्हावी, कारण पाठीला आणि कंबरेला जो आधार मिळतो तो त्यांच्यामुळे.

बाकीच्या गैरसमजुतींना एकेक ओळ पुरे. रायफल जितकी जोरकस तितकी अचूक, हे असत्य आहे. सामन्याची रायफल छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सोडते आणि तिची ऊर्जा साडेसात जूलच्या आसपास भरते. एअर रायफलीला परवाना लागतोच, हेही खरे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ऊर्जा २० जूलच्या आणि व्यास साडेचार मिलिमीटरच्या आत असेल तर तो लागत नाही, मात्र विक्रेत्याला ओळखीचा दाखला द्यावा लागतो. जड रायफल घ्यावी म्हणजे ती हलत नाही, असे सांगणाऱ्यांनी साडेपाच किलोची कमाल मर्यादा आणि पंधरा वर्षांच्या मुलाची पाठ या दोहोंचा विचार करावा. दुर्बीण लावून सामना खेळता येत नाही. जुनी रायफल म्हणजे फसवणूक, हेही सरसकट म्हणता येत नाही, परंतु सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. नियमानुसार त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते, आणि मुदतबाह्य सिलिंडर सामन्यात चालत नाही.

नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवल्यापासून या गैरसमजुतींत आणखी एक भर पडली आहे: पुढची रायफल म्हणजे थेट पॉइंट टू-टूची. त्याचा प्रकार पॉइंट टू-टूनेच खेळला जाणारा ५० मीटर थ्री पोझिशनचा होता. ती रायफल अग्निशस्त्र असल्यामुळे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तिला परवाना लागतो आणि तिचे प्रत्येक काडतूस छर्ऱ्याच्या कित्येक पट महाग पडते. ज्याला त्या वाटेने जायचे आहे त्याने आधी परवानाधारक क्लबचा सभासद होऊन क्लबच्या रायफलीवर, रेंजच्या आवारात, तिन्ही स्थितींत फैरी झाडून पाहाव्यात आणि काडतुसांचा महिन्याचा हिशेब मांडावा. स्वतःच्या नावाने अर्ज करण्याची वेळ त्यानंतर येते.