मुंबई-गोवा विमान प्रवास: तिकिटावर सव्वा तास, मग घरून गावी पोहोचायला किती?

गणपतीत रेल्वेचं तिकीट वेटिंगवर राहिलं की लालबाग-परळच्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: गोव्यापर्यंत विमानाने गेलो तर? तिकिटाच्या साइटवर वेळ दिसते साधारण सव्वा तास. पण त्यावर विसंबून घरून निघालात, तर विमान चुकलंच म्हणून समजा.

अंतर नेमकं किती?

मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत दाबोळी साधारण 425 किलोमीटर आहे, तर मोपा साधारण 390 किलोमीटर. रेल्वेमार्ग मात्र वळसे घेत जातो. त्यामुळे सीएसएमटी ते मडगाव हे अंतर जवळपास 585 किलोमीटर होतं.

मग सव्वा तास का?

जेट विमान ताशी 800 किलोमीटरने उडतं, म्हणजे हे अंतर अर्ध्या तासात संपायला हवं. पण तो वेग उंचीवर गेल्यावरचा. एवढ्या कमी अंतरात बराच वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यातच जातो.

शिवाय तिकिटावरची वेळ फक्त उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून ते गोव्यात जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या, तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांची रांग लागते. कंपन्या हा वेळ आधीच धरून चालतात.

घरापासूनचा हिशेब

समजा, लालबागहून सावंतवाडीला जायचंय:

- घर ते विमानतळ: 1 तास
- उड्डाणाआधी पोहोचणं: 2 तास
- विमान: सव्वा तास
- सामान घेऊन बाहेर पडणं: अर्धा तास
- मोपा ते सावंतवाडी: पाऊण तास

एकूण झाले साडेपाच तास. सीएसएमटी-मडगाव वंदे भारत एरवी साधारण पावणेआठ तास घेते. गणपतीत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असल्याने त्याहून जास्त. म्हणजे विमानाने वेळ वाचतो, पण तिकीट पाहून वाटतो तेवढा नाही.

निघण्याआधी काय तपासाल?

विमानतळ कोणता? डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर मुंबई, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. लालबाग-परळकरांना नवी मुंबईसाठी शिवडीहून अटल सेतू जवळ पडतो.

टर्मिनल कोणतं? मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. गिरगावहून टी-2 ला साधारण पाऊण तासात, तर दादरहून अर्ध्या तासात पोहोचता येतं. टी-1 आणि टी-2 ची स्टेशनं मात्र वेगळी आहेत. चुकीच्या स्टेशनवर उतरलात तर धावपळ ठरलेली.

काउंटर कधी बंद होतो? देशांतर्गत विमानांचा चेक-इन काउंटर सहसा 60 मिनिटं आधी बंद होतो आणि गेट साधारण 25 मिनिटं आधी. तिकिटावरची वेळ विमान सुटण्याची असते, तुम्ही पोहोचण्याची नव्हे.

म्हणून तिकीट काढताना उलटा हिशेब करा. सकाळी 9 चं विमान असेल, तर लालबागच्या घराला 6 वाजताच कुलूप लागायला हवं.