ईदीतून रोबोटचं किट घ्यायचंय? आधी डबा नीट वाचा

ईदीचे पैसे हातात आले की काही मुलांची फर्माईश ठरलेली असते : "अम्मी, गनप्ला हवंय." गनप्ला म्हणजे 'गंडम' या जपानी कार्टून मालिकेतल्या रोबोटचं प्लास्टिकचं मॉडेल, सुटे भाग जोडून स्वतः बनवायचं. मालिका १९७९ ची. बंदाई कंपनीने पुढच्याच वर्षी पहिलं किट ३०० येनला काढलं. हा रोबोट चालत नाही, बोलत नाही. सांधे हाताने वळवायचे, बस्स.

मूल मोठ्या डब्याकडे बोट दाखवेल. ऐकू नका. डब्यावर ग्रेड लिहिलेली असते. सुरुवात एंट्री ग्रेड किंवा हाय ग्रेडने करावी. दोन्हींचं प्रमाण बहुधा १/१४४, म्हणजे गोष्टीतला १८ मीटरचा रोबोट साडेबारा सेंटिमीटरचा होतो. (हे गणित मुलालाच करू द्या.) मास्टर ग्रेडमध्ये भाग खूप जास्त असतात, नवखं मूल कंटाळून अर्ध्यात सोडतं आणि पैसे वाया जातात.

गोंद लागत नाही, भाग एकमेकांत दाबून बसतात. प्लास्टिक आधीच रंगीत असतं, त्यामुळे रंगाचीही गरज नाही. मात्र हाय ग्रेडला निपर, म्हणजे बारीक धारेचा छोटा कटर हवाच. घरातला वायर कापायचा कटर जाड पडतो. भाग चौकटीपासून दोनदा कापायचा : आधी थोडं देठ ठेवून, मग उरलेलं देठ भागालगत. एकदम कापलं किंवा हाताने पिरगळलं तर प्लास्टिकवर पांढरा डाग पडतो. एंट्री ग्रेडचे भाग हातानेही निघतात.

सूचना जपानीत असल्या तरी चित्रं पुरतात. चौकटीचं अक्षर आणि भागाचा नंबर जुळवायचा. सगळे भाग आधीच कापून ढीग केला तर कुठला कुठे लागतो ते कळणार नाही. लागेल तेवढंच कापा. घरात रांगतं बाळ असेल तर दस्तरखान अंथरून त्यावरच काम करा, बारीक तुकडे तोंडात जातात.

आणि अब्बूंनी स्वतः जोडून देऊ नये!

काही घरांत प्रश्न येतो, हा पुतळा झाला का? ते आपल्या मौलानांना विचारा. मन मानत नसेल तर तामिया कंपनीच्या मिनी फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या आहेत. त्याही गोंदाशिवाय जोडतात आणि मोटरवर पळतात. सेल वेगळे घ्यावे लागतात.