स्पीकर प्रोसेसर आणि ग्राफमधला खड्डा

एमएस्सीला डीएसपीच्या पेपरात बटरवर्थ फिल्टर हमखास येतो. आपण पोल-झीरोची आकृती काढतो, ट्रान्सफर फंक्शन लिहितो, मार्क घेतो आणि विसरून जातो. पेट-नेटच्या तयारीत तो पुन्हा भेटतो, तेव्हाही फारसं वेगळं काही होत नाही. आज हाच फिल्टर प्रत्यक्ष कामाला लागलेला बघू या, मोठ्या साउंड सिस्टिममधल्या लाउडस्पीकर मॅनेजमेंट प्रोसेसरमध्ये.

विषय मुद्दाम निवडलाय. सिनॉप्सिस लिहिताना आपल्यापैकी बरेच जण एक वाक्य सहज लिहून जातात: आधी मोजायचं, मग मोजमापात दिसलेला दोष दुरुस्त करायचा. हे वाक्य कुठे लंगडं पडतं, ते या डब्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडे क्वचितच दिसलंय.

मैदानावरचा ऑर्केस्ट्रा असो की नाट्यगृहातली मैफल, सिग्नल मिक्सरमधून निघून अँप्लिफायरकडे जातो. या दोघांच्या मधे रॅकमध्ये जेमतेम साडेचार सेंटीमीटर उंचीचा एक डबा बसवलेला असतो. साउंडवाले त्याला नुसतं 'प्रोसेसर' म्हणतात, काही जण जुन्या सवयीने 'क्रॉसओव्हर'. आपल्याकडे बऱ्याच रॅकमध्ये दिसणारा बेहरिंगरचा डीसीएक्स २४९६ घ्या. ३ इनपुट, ६ आउटपुट. नावातले आकडे म्हणजे २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ. प्रत्येक आउटपुटला वेगळा हाय-पास आणि लो-पास फिल्टर, इक्वलायझर, डिले, पोलॅरिटी, लेव्हल आणि शेवटी लिमिटर. एक आउटपुट सबच्या अँपला, एक मिडच्या, एक हॉर्नच्या.

मुळात सिग्नल तोडायचाच कशाला? कारण आवाजाची पातळी तीच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली, की स्पीकरच्या पडद्याला चौपट जास्त हलावं लागतं. १००० हर्ट्झला जेवढी हालचाल लागते, तेवढ्याच आवाजासाठी १०० हर्ट्झला तिच्या शंभरपट लागते. हॉर्नमागच्या कंप्रेशन ड्रायव्हरचा पातळ डायफ्रॅम असा बेस मिळाला तर उडणारच. उलट १८ इंची सबला ५ किलोहर्ट्झ द्यायचा म्हणजे म्हशीला दोरीवरून चालायला सांगायचं.

आता बटरवर्थ. चौथ्या ऑर्डरचे बटरवर्थ लो-पास आणि हाय-पास एकाच क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सीला लावले, तर त्या फ्रिक्वेन्सीला दोघंही ३ डेसिबल खाली असतात आणि एकमेकांच्या फेजमध्येही असतात. बेरीज केली की ३ डेसिबलचा उंचवटा येतो. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी यावर जो तोडगा काढला तो १९७६ मध्ये लिंकविट्झ यांच्या पेपरमधून पुढे आला, आणि आज प्रत्येक प्रोसेसरच्या मेनूत तो दोघांच्या नावाने असतो. दुसऱ्या ऑर्डरचे दोन बटरवर्थ एकामागे एक जोडायचे. प्रत्येक बाजू ६ डेसिबल खाली जाते, म्हणजे अर्धी होते. अर्धं अधिक अर्धं, एक. उंचवटा गेला.

हे कागदावर झालं. 'फेजमध्ये' हा शब्द तोपर्यंतच खरा, जोपर्यंत दोन्ही ड्रायव्हर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर आहेत. समजा हॉर्नचा ड्रायव्हर मिडपेक्षा १७ सेंटीमीटर मागे आहे. हवेतल्या आवाजाला हे अंतर कापायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. क्रॉसओव्हर १ किलोहर्ट्झला असेल तर हा बरोब्बर अर्धा आवर्तनकाळ, म्हणजे दोन्ही आवाज एकमेकांना खाणार. उपाय सोपा आहे, पुढे असलेल्या मिडला तेवढा डिले द्यायचा. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला एक सॅम्पल म्हणजे २०.८ मायक्रोसेकंद, हवेत ७ मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे बारकाईची अडचण नाही.

पण आणखी एक 'उपाय' चलनात आहे: पोलॅरिटीचं बटण दाबायचं. १ किलोहर्ट्झला ग्राफ लगेच भरून येतो, कारण त्या फ्रिक्वेन्सीला अर्धा मिलिसेकंद आणि १८० अंश यांत फरकच नाही. मात्र ८०० आणि १२०० हर्ट्झला ३६ अंशांची चूक शिल्लक राहते, आणि टाळीसारखा तुटक आवाज मिडमधून आधी, हॉर्नमधून नंतर येतो तो येतोच. व्हायव्हात कुणी विचारलं की फेज आणि डिले यांत फरक काय, तर व्याख्या सांगण्याआधी हे उदाहरण सांगा.

ग्राफमधला खड्डा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सिस्टिम उभी राहिली, सगळं जुळलं. मैदानात मधोमध मोजमापाचा माइक ठेवला, पिंक नॉइज सोडला, लॅपटॉपवर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आला. ५०० हर्ट्झला खोल खड्डा. इक्वलायझर हाताशी आहेच, तिथे ६ डेसिबल वाढवून टाकायचे का?

खड्डा कशाने पडला यावर ते अवलंबून आहे, आणि ग्राफ ते सांगत नाही.

कारण पहिलं, स्पीकरचा स्वतःचा दोष. पडदा, पेटी, हॉर्न यांच्या रचनेमुळे एखादा पट्टा कमी-जास्त होतो. असे दोष बहुतेक वेळा मिनिमम फेज असतात. म्हणजे अँप्लिट्यूडचा वक्र आणि फेजचा वक्र एकमेकांशी बांधलेले असतात, एक सरळ केला की दुसराही सरळ होतो. इथे इक्वलायझर औषधासारखा लागू पडतो, आणि समोर बसलेल्या सगळ्यांनाच त्याचा फायदा होतो.

कारण दुसरं, थेट आवाजाबरोबर जमिनीवरून किंवा भिंतीवरून आलेला परावर्तित आवाज. समजा तो १ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे त्याची वाट ३४ सेंटीमीटरने लांब आहे. मग ५००, १५००, २५०० हर्ट्झ असे ओळीने खड्डे पडतात. कंगव्याचे दात असतात तसे, म्हणूनच याला कॉम्ब फिल्टर म्हणतात. परावर्तित आवाज थेट आवाजाइतकाच मोठा असेल तर खड्डा तळ गाठतो. तिथे ६ डेसिबल वाढवले तर थेट आवाजही वाढतो आणि परावर्तितही. दोघं पुन्हा एकमेकांना खातात. खड्डा जिथल्या तिथे, वर अँपवर चौपट भार.

हे पोल-झीरोच्या भाषेत बघा, म्हणजे ती आकृती का शिकलो ते कळेल. थेट आवाज १ आणि परावर्तित आवाज त्याच्या 'अ' पट, 'न' सॅम्पल उशिरा. या सिस्टिमचे झीरो युनिट सर्कलच्या केंद्रापासून 'अ' च्या 'न' व्या मुळाइतक्या अंतरावर बसतात. 'अ' एकपेक्षा कमी असेल तर सगळे झीरो आत. सिस्टिम मिनिमम फेज, आणि तिचा उलटा फिल्टर स्थिर. 'अ' बरोबर एक असेल तर झीरो थेट वर्तुळावर, उलट्या फिल्टरला अनंत गेन हवा. आणि 'अ' एकपेक्षा जास्त, म्हणजे परावर्तित आवाजच मोठा (थेट वाट खांबाने अडवली असेल तर असं होतं), तेव्हा झीरो वर्तुळाबाहेर जातात आणि साधा उलटा फिल्टर अस्थिर होतो. आउटपुट वाढतच जातं.

आता इथे हुशार विद्यार्थी हात वर करतो. परावर्तित आवाज बहुधा थेट आवाजापेक्षा कमीच असतो, म्हणजे उलटा फिल्टर स्थिर आहे. मग लावायचा ना? गणित चोख आहे. फक्त तो फिल्टर माइक होता त्या एका बिंदूसाठी आहे. शेजारच्या खुर्चीवर वाटांमधला फरक ३४ सेंटीमीटर राहत नाही, ३९ होतो. तिथले खड्डे सरकतात आणि आपली दुरुस्ती तिथे नवा दोष बनून पोहोचते. दोष खुर्चीचा होता, औषध मात्र स्पीकरला दिलं, आणि स्पीकरचं सगळं मैदान ऐकतं.

दोन कारणं ओळखायची कशी? सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे माइक हलवणं. हातभर इकडेतिकडे केल्यावर खड्डा सरकला, तर तो भूमितीचा आहे, इक्वलायझरला हात लावू नका. जागचा हलला नाही, तर स्पीकरचा असण्याची शक्यता जास्त. दुसरी चाचणी इम्पल्स रिस्पॉन्सची: परावर्तन थेट आवाजानंतर वेगळं शिखर म्हणून दिसतं, विंडो लावून ते कापून टाकायचं आणि उरलेल्याचा स्पेक्ट्रम बघायचा. तिसरी कोहेरन्सची. ड्युअल-एफएफटी मोजमापात इनपुट आणि माइक यांचं नातं किती भरवशाचं आहे ते प्रत्येक फ्रिक्वेन्सीला शून्य ते एक अशा आकड्यात मिळतं. जिथे कोहेरन्स पडला, तिथला वक्र बघून काही ठरवायचं नाही. जॉन मायर यांच्या कंपनीने १९८० च्या दशकात याच धर्तीवर सिम ही पद्धत आणली. तिच्यात कार्यक्रमाचं संगीत हाच चाचणीचा सिग्नल असतो.

'मग एफआयआर वापरा' हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. एफआयआरने फेज स्वतंत्रपणे हाताळता येतो हे खरं, पण किंमत वेळेत मोजावी लागते. ४८ किलोहर्ट्झला १० हर्ट्झपर्यंत बारकाई हवी तर साधारण ४८०० टॅप लागतात आणि लिनियर फेज ठेवायचा तर सुमारे ५० मिलिसेकंद उशीर होतो. रेकॉर्डेड गाणं वाजवायला हरकत नाही. पण स्टेजवरच्या तबलजीला स्वतःचा ठेका ५० मिलिसेकंद उशिरा समोरच्या स्पीकरमधून ऐकू आला, तर तो आपल्याला शोधत येईल. शिवाय खुर्चीचा प्रश्न एफआयआरनेही सुटत नाही.

लिमिटर

चुकीच्या इक्वलायझरने आवाज बिघडतो, चुकीच्या लिमिटरने पैसे जातात. हिशोब अवघड नाही, तरी बरेच जण अंदाजाने लावतात.

८ ओहमचा स्पीकर, सतत सोसू शकेल अशी पॉवर ४०० वॉट. व्होल्टेज म्हणजे ४०० गुणिले ८ चं वर्गमूळ, ५६.६ व्होल्ट. अँपचा गेन ३२ डेसिबल, म्हणजे ३९.८ पट. तेव्हा अँपच्या इनपुटला १.४२ व्होल्टपेक्षा जास्त जाता कामा नये, म्हणजेच ०.७७५ व्होल्टच्या तुलनेत ५.३ डेसिबल वर. हा झाला आरएमएस लिमिटरचा आकडा, जो कॉइलला उष्णतेपासून वाचवतो. पडदा फाटू नये म्हणून पीक लिमिटर वेगळा लागतो आणि तो वेगवान असावा लागतो. 'छोट्या अँपने हॉर्न जळतो' ही समजूत अर्धी खरी आहे. १०० वॉटचा साइन देणारा अँप पूर्ण क्लिप होऊन चौकोनी लहर देऊ लागला की २०० वॉट देतो. ड्रायव्हर मरतो तो लहरीच्या चौकोनी आकाराने नाही, सरासरी पॉवर वाढल्याने.

आणि लिमिटर फक्त व्होल्टेज बघतो. मैदानाच्या टोकाला किती डेसिबल पोहोचतात हे त्याला ठाऊक नसतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तीही ए-वेटिंग लावून. ए-वेटिंग ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा करतं. मिरवणुकीत छाती हादरवणारा बेस मीटरवर त्या मानाने कमी का दिसतो, त्याचं एक कारण हे.

कॉइलबद्दल आणखी एक. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली की रोध ३९ टक्के वर, प्रवाह तेवढ्या पटीत खाली, आवाज काही डेसिबल कमी. म्हणजे दुपारी थंड स्पीकरवर बसवलेला सबचा आणि टॉपचा मेळ रात्री दहाला तोच राहील याची खात्री नाही. लिनियर टाइम-इन्व्हेरियंट हे गृहीतक आपण पहिल्या ओळीत लिहितो आणि पुन्हा त्याच्याकडे बघत नाही, म्हणून हे सांगितलं. हवेचंही तसंच. स्टेजपासून ४० मीटरवरच्या डिले स्पीकरला ३५ अंश तापमानात ११३.५ मिलिसेकंद डिले लागतो, २० अंशांना ११६.५.

कॉम्ब फिल्टरचा भाग वाचून सोडू नका, करून बघा. माइकही लागत नाही, ऑक्टेव्ह किंवा पायथनमध्ये दहा ओळींत होतं. ४८ किलोहर्ट्झला पिंक नॉइज तयार करा, त्यात तोच नॉइज निम्मा करून ४८ सॅम्पल उशिरा मिसळा. ५००, १५००, २५०० ला ६ डेसिबलचे खड्डे दिसतील, मधल्या शिखरांवर ३.५ डेसिबलची वाढ. आता उलटा फिल्टर: प्रत्येक नव्या सॅम्पलमधून ४८ सॅम्पल आधीच्या आउटपुटचा निम्मा भाग वजा करत जा. स्पेक्ट्रम सरळ होईल. मग उलटा फिल्टर तसाच ठेवून फक्त मिसळण्याचा उशीर ४८ ऐवजी ५५ सॅम्पल करा, म्हणजे ऐकणारा अशा जागी गेला जिथे वाटांमधला फरक ५ सेंटीमीटरने वाढला. आता ३५०० हर्ट्झजवळ बघा. तिथे शिखर आहे, आणि त्याच्यावर आपण दुरुस्ती म्हणून दिलेले ६ डेसिबल. एकूण साडेनऊ.