अंदमानची शुभ्र पुळण आणि श्रावकाचा चौविहार

व्यापाऱ्याच्या घरी प्रवास दोनच प्रकारचा. एक खरेदीचा, तो पुरुषाने एकट्याने करावयाचा. दुसरा यात्रेचा, तो सबंध कुटुंबाने, शक्य तर संघासह करावयाचा. कुलपाकजीपासून सम्मेदशिखरजीपर्यंत ज्या गृहिणींच्या अनेक यात्रा घडल्या, त्यांनाही पतीसह केवळ दोघांनीच कोठे गेल्याचे स्मरण सहसा नसते. यात्रेतही त्यांच्या वाट्यास फराळाचे डबे, मुलांची अंथरुणे आणि सासूबाईंची औषधेच आलेली असतात. आता आपल्या मंडळींतील काही जोडपी अंदमानास जाऊन येऊ लागली आहेत, आणि घरातील वडीलधारी दोन प्रश्न विचारतात. मौजेसाठी समुद्रापार जाणे श्रावकास शोभते काय? आणि तेथे खाणार काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच ग्रंथांत आहे. आयंबिलाच्या ओळीत श्रीपाल-मयणासुंदरीची कथा ऐकणाऱ्यांस श्रीपालाची रत्नद्वीपापर्यंतची सफर परिचित आहेच. त्यास समुद्रात लोटणारा धवलशेठ व्यापारीच होता. कथेने दोष सागरास दिला नाही, शेठच्या लोभास दिला. ज्ञाताधर्मकथेतील माकंदीपुत्रांनीही अकरा वेळा सुखरूप समुद्रप्रवास केला. आईबापांचा निषेध डावलून ते बाराव्या वेळी निघाले, तेव्हा नौका फुटली. अर्थात निषेध जाण्याचा नाही, हाव न आवरण्याचा आहे.

तथापि ज्यांनी दिग्व्रत घेतले आहे त्यांनी निघण्यापूर्वी आपली मर्यादा पुन्हा पाहून घ्यावी. हे व्रत केवळ चार दिशांचे नव्हे. त्यात ऊर्ध्व आणि अधो दिशाही येतात. व्रत घेताना बहुतेकांनी कोस मोजले, विमानाची उंची आणि समुद्राची खोली मोजली नाही. मर्यादा विसरून जाणे हाही तत्त्वार्थसूत्राने अतिचारच गणला आहे. पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रतळाशी उतरविण्याची सोय तेथे मुबलक आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

काळाचा विचार करता चातुर्मास उलटल्यावर, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेनंतर, निघावे हे उत्तम. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तिकडचा सागर खवळलेला असतो. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत तो शांत असतो. शास्त्राने प्रवास आवरावयास सांगितलेला काळ आणि नाविकाने टाळावयाचा काळ येथे बहुतांशी एकच ठरतो. विमान पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरास उतरते. या शहराचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम् असे झाले. तेथून दीड ते अडीच तासांच्या बोटीने स्वराज द्वीप गाठावे. २०१८ पर्यंत त्याचे नाव हॅवलॉक होते. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील राधानगरची पुळण ही या प्रवासातील मुख्य शोभा. २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला आशियातील सर्वोत्तम पुळण म्हटले होते. मागे उंच वृक्षांचे अरण्य, पुढे निळे पाणी आणि मध्ये पिठासारखी मऊ, पांढरी वाळू.

आता भोजनाचा प्रश्न. खरी अडचण पदार्थांची नसून घड्याळाची आहे. अंदमान हैदराबादच्या पुष्कळ पूर्वेस, परंतु घड्याळ दोहोंकडे एकच. त्यामुळे डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तेथे पाचच्या सुमारासच मावळतो. दोन घडी आधी भोजन आटोपणाऱ्यांस सव्वाचारलाच ताट सोडावे लागते. उपाहारगृहांत मात्र रात्रीच्या स्वयंपाकाची चूल त्या वेळी पेटलेलीही नसते. भरीस भर अशी की राधानगरला सारे जग जाते ते सूर्यास्त पाहावयास, आणि तो पाहून मुक्कामी परतल्यावर चौविहारवाल्यास पाण्याचा घोटही वर्ज्य! आम्ही उभयतां गेलो तेव्हा पहिल्या दिवशी सूर्यास्त पाहिला आणि उपाशी निजलो. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतीने स्वतः आचाऱ्याची गाठ घेतली. तो बंगाली गृहस्थ होता. विधवा आजीच्या निरामिष स्वयंपाकात वाढलेला, त्यामुळे कांदा, लसूण का नको हे त्यास फारसे समजवावे लागले नाही. चारच्या ठोक्यास भात, मुगाचे वरण आणि कच्च्या केळ्यांची भाजी तयार असे. चुलीवर उकळून घेतलेले पाणी सोबत घेऊन आम्ही पुळणीवर जात असू. सकाळी मात्र लाभ होतो: सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, त्यामुळे नवकारशी सव्वासहालाच येते. भाजीपाल्याची चिंता नसावी. शेजारच्या शहीद द्वीपावर, जुन्या नील बेटावर, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी भाज्यांचे मळे पिकविले आहेत. चार दिवस पुरतील इतके खाकरे घरून न्यावेत, हे सांगणे न लगे.

ही शुभ्र वाळू म्हणजे काय, हे जाणून तिच्यावर पाऊल ठेवावे. आपल्या नदीकाठची वाळू दगडाचा चुरा. अशा बेटांवरील पांढरी वाळू बहुतांशी प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा असते. पोपटमासा नावाचा मासा प्रवाळाचा खडक दातांनी करवडतो, त्यावरील शेवाळ पचवितो आणि उरलेला चुना वाळू करून बाहेर टाकतो. जीवविचार प्रकरणात शांतिसूरींनी विद्रुम म्हणजे पोवळे पृथ्वीकायात गणले आहे, आणि शंख-कवडी द्वींद्रियांत. आजचे प्राणिशास्त्र प्रवाळासही सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वाद पंडितांनी करावा. श्रावकाच्या आचरणास त्याने फरक पडत नाही. पृथ्वीकाय असो वा त्रस जीव, पाय जपूनच ठेवावयाचा. पाणी थोडे अधिक तापले तरी हे प्रवाळ पांढरे पडतात, आणि उष्णता टिकली तर मरतात. १९९८ आणि २०१० साली अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर घडले. उथळ पाण्यात पोहणाऱ्यांचे पाय त्यांवर पडतात, तो घाव निराळा.

आठवण म्हणून शंख उचलून आणण्याचा मोह स्त्रीपुरुष दोघांसही होतो. रिकामा दिसणाऱ्या शंखात पुष्कळदा खेकडा बिऱ्हाड करून असतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या परिशिष्टांत २००१ साली प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख समाविष्ट झाले. म्हणजे ज्यास पाठशाळेत हिंसा म्हणतात, त्यास आता न्यायालयात गुन्हा म्हणतात. व्यापाऱ्यास या वस्तूंचे मोल नवे नाही. मालदीवच्या कवड्या तांदळाच्या मोबदल्यात बंगालमध्ये येत आणि तेथे शतकानुशतके नाणे म्हणून चालत. चौदाव्या शतकात त्या बेटांवर काझी असलेल्या इब्न बतूताने हा व्यवहार लिहून ठेवला आहे. अंदमानच्या ट्रोकस शिंपल्यांची तर सदऱ्यांची बटणे होत असत.

आणि मोती? आपले हैदराबाद मोत्यांचे शहर. पूर्वी बसऱ्याचे मोती येत. आता बहुतांश माल चीनच्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांचा असतो. पत्थरगट्टीच्या पेढ्यांवर बसणाऱ्या आपल्या बंधूंस दुखविण्याचा हेतू नाही. परंतु राधानगरला वाकून उचललेला शंख सौभाग्यवतीने पुन्हा पाण्यात सोडला, तेव्हा तिच्या गळ्यात मोत्यांचा सर होता, आणि ते तिच्याच प्रथम ध्यानात आले. सर तिच्या माहेरचा आहे. तो ती अद्याप घालते. नवा घेऊ नये असे तिने ठरविले आहे. ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

परतताना एक संध्याकाळ श्री विजयपुरम् येथील सेल्युलर जेलसाठी राखावी. पुळणीकडे जाण्याच्या घाईत मराठी जोडपीही हे स्थान अर्ध्या तासात उरकतात, हे बरे नव्हे. विनायकराव सावरकर येथे १९११ साली आले. ज्येष्ठ बंधू बाबाराव त्यांच्या आधीच येथे बंदिस्त होते. पत्नी यमुनाबाई आणि धाकटे बंधू नारायणराव यांस भेटीची अनुज्ञा मिळाली ती १९१९ साली, आठ वर्षांनंतर. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी त्यापूर्वीच, पतीची पुन्हा भेट न होताच निवर्तल्या होत्या. त्या काळी या बेटावर पतीला भेटावयास आलेल्या बाईने कोणती पुळण पाहिली असेल! तेथील ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम अंधार पडल्यावर सुरू होतो. चौविहारवाल्यांचे जेवण तोवर झालेलेच असते.