ज्यूरी आणि प्रदीर्घ समारोप
वाचकास मागील पान उलटता येते. श्रोत्यास ती सोय नसते. फौजदारी खटल्याच्या अखेरीस उभय वकिलांची भाषणे व न्यायाधीशांचा समारोप ज्यूरीस केवळ ऐकूनच ध्यानी ठेवावा लागे. मुंबईतील १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्यूरीच्या नऊ सदस्यांपैकी आठांनी आरोपीस निर्दोष ठरविले. अपघाताचा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, हे न्यायाधीशांनी ज्यूरीस समजावून दिले नव्हते. हा दोष उच्च न्यायालयाने दाखविला व आरोपीस दोषी ठरविले. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. तात्पर्य, प्रदीर्घ भाषणात जे सांगावयाचे राहून जाते, त्याची उणीव श्रोत्यास जाणवतही नाही.